रिजेक्शनची वही

फौंड्रीतली चूक लगेच दिसत नाही. मंगळवारी रात्री साच्यात लोखंड ओतले जाते. बुधवारी साचा फोडतात, कास्टिंग झाडून-घासून घेतात, शॉट ब्लास्टिंग आणि प्रायमर झाला की गुरुवारी माल ट्रकमध्ये चढतो. पुढच्या आठवड्यात पुण्याकडच्या एखाद्या कारखान्यात सीएनसी यंत्राचे टूल त्या कास्टिंगच्या पोटात शिरते आणि वरचे तीन-चार मिलिमीटर निघाल्यावर मुगाच्या दाण्याएवढी पोकळी उघडी पडते. ब्लो होल. कास्टिंग भंगारात जाते, त्यावर झालेला मशीनिंगचा खर्च पुरवठादाराच्या माथी बसतो आणि संध्याकाळपर्यंत कोल्हापुरातल्या फौंड्रीकडे डेबिट नोट येते. सोबत विचारणा असतेच: मूळ कारण शोधा आणि लेखी कळवा.

आता ते कारण आठवणार कोणाला? त्या रात्री वाळूत ओलावा किती होता, कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, नीट भाजला होता का, लेडलमधल्या, म्हणजे ओतायच्या भांड्यातल्या, लोखंडाचे तापमान शेवटच्या साच्यापर्यंत पोचेस्तोवर किती उतरले होते, हे आठ-दहा दिवसांनी कोण सांगणार? मेस्त्रींची त्यानंतर पाळी बदललेली असते, मोल्डर गावी गेलेला असतो. मग 'सँड खराब होती' असे उत्तर लिहून पाठवले जाते. ते उत्तर बऱ्याचदा खरेही असते, पण त्याचा उपयोग काहीच नसतो, कारण पुढच्या मंगळवारी काय वेगळे करायचे हे त्यातून कळत नाही.

कारखानदारीतल्या डिजिटल तंत्रज्ञानाविषयी आपल्याकडे गेली दहाएक वर्षे भरपूर बोलले जाते. 'इंडस्ट्री ४.०' हा शब्द २०११ साली जर्मनीत हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात पुढे आला आणि बघता बघता आपल्या तालुक्याच्या एमआयडीसीतल्या परिसंवादांच्या बॅनरवर पोचला. बॅनरवर यंत्रमानवाचा निळसर हात असतो. विकसनशील देशातल्या मध्यम कारखान्याला हे तंत्रज्ञान स्पर्धेत टिकवते ते मात्र त्या हातामुळे नाही, असे माझे मत आहे. चूक घडण्याची वेळ आणि चूक कळण्याची वेळ यांत जे आठ-दहा दिवस जातात, ते कमी करण्याची ताकद त्यात आहे. बाकीचे सगळे त्यानंतरचे.

हे तपासून पाहायला कोल्हापूरसारखी दुसरी जागा नाही. पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी असा पट्टा आहे. त्यात लहानमोठ्या मिळून ३०० च्या आसपास फौंड्र्या आहेत. ट्रॅक्टरचे हाउसिंग, ट्रकचे हब आणि ब्रेक ड्रम, पंपाचे बॉडी-इम्पेलर, कॉम्प्रेसरचे सिलिंडर, इंजिनाचे फ्लायव्हील इथून जातात. ओतकामात जगात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो आणि त्या भारतात कोल्हापूर, राजकोट, कोइम्बतूर, बेळगाव, हावडा ही एकमेकांच्या ऑर्डरी पळवणारी गावे आहेत.

या भागाला लोखंडाचा नाद जुना. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर काढले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि त्यावर चित्रपट काढले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी सुटे भाग यायचे थांबले, तेव्हा इथल्या मेस्त्रींनी ते बघून बघून तयार केले. पुढे ऑइल इंजिने आली, शिवाजी उद्यमनगर गजबजले. शेतावर वीज पोचली, ऑइल इंजिनांची मागणी ओसरली, तशी फौंड्री वाहनउद्योगाकडे वळली.

बघून करण्याची ही हातोटी कोल्हापूरची खरी पुंजी. वाळूची मूठ दाबून तिच्यावर उमटलेल्या बोटांच्या ठशावरून ओलावा सांगणारे, भट्टीतल्या रसाच्या रंगावरून तापमान वीस-पंचवीस अंशांच्या आत सांगणारे मेस्त्री इथे झाले आणि आजही आहेत. मात्र जे हातात असते ते कागदावर येत नाही, ही त्याच पुंजीची दुसरी बाजू. मेस्त्री निवृत्त झाला की त्याच्याबरोबर चाळीस वर्षांचा अनुभव घरी जातो.

पैशाचे गणित आधी मांडू, कारण कारखानदार तेच आधी मांडतो. मोठा ग्राहक भाव ठरवताना कच्च्या लोखंडाच्या दरातली चढउतार सहसा मान्य करतो, पण बाकी खर्चात दरवर्षी थोडी कपात मागतो. वीज महाराष्ट्रात महाग आहे. वीजदराच्या प्रश्नावरून आम्ही कर्नाटकात जातो, असा इशारा कोल्हापूरच्या उद्योजकांनी देऊन झाला आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. समजा, एक फौंड्री महिन्याला ५०० टन कास्टिंग काढते आणि तिचे रिजेक्शन ८ टक्के आहे. म्हणजे ४० टन माल पुन्हा भट्टीत जातो. लोखंड वाया जात नाही, हे खरे. पण ६०० युनिटांच्या हिशेबाने २४,००० युनिट वीज दुसऱ्यांदा जळते. शिवाय वाळू, कोअर, मजुरी, ग्राइंडिंग सगळे दुबार. रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणले तर नुसत्या विजेचे १२,००० युनिट दर महिन्याला वाचतात, आणि ते वाचवायला ना सरकारकडे निवेदन द्यावे लागते, ना राज्य सोडावे लागते.

रिजेक्शन निम्म्यावर आणायचे कसे? दोन ठिकाणी हात घालावा लागतो: पॅटर्न तयार होण्याआधी आणि वाळू रोज मळली जात असताना.

पॅटर्नचे, म्हणजे ज्याभोवती वाळूचा साचा दाबतात त्या नमुन्याचे, आधी. वितळलेले लोखंड थंड होताना आकसते. ग्रे आयर्नसाठी मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर वाढीव मापाची खास पट्टी पॅटर्न मेस्त्रीकडे असायची, तिच्यावरच तो लाकूड मापायचा. हे झाले घन झाल्यानंतरचे आकसणे. त्याआधी, रस गोठत असताना, जाड भाग सगळ्यांत शेवटी गोठतो आणि त्याला पुरवायला आजूबाजूला रस उरलेला नसला की आत पोकळी राहते. ती श्रिंकेज. म्हणून जाड जागेजवळ रायझर ठेवायचा, म्हणजे रसाचा साठा, जो कास्टिंग गोठून झाल्यावरच गोठला पाहिजे. च्वोरिनोव्ह या अभियंत्याने १९४० साली याचा नियम मांडला: गोठायला लागणारा वेळ हा आकारमान भागिले पृष्ठफळ या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ओतीव लोखंडात आणखी एक गंमत आहे. गोठताना आतला कार्बन ग्राफाइट होऊन बाहेर पडतो, तेव्हा धातू थोडा फुगतो आणि आकसणे काही अंशी आपले आपण भरून निघते. साचा कच्चा असेल तर मात्र तो फुगवटा साच्याची भिंत ढकलण्यात वाया जातो आणि पोकळी राहतेच. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे गोल ग्राफाइटच्या ओतीव लोखंडात, हा त्रास जास्त.

पूर्वी या सगळ्याचा निवाडा प्रत्यक्ष ओतून व्हायचा. पॅटर्न करा, दहा साचे ओता, कास्टिंग करवतीने कापा, पोकळी बघा, रायझर हलवा, पुन्हा ओता. नव्या भागाचे नमुने मान्य व्हायला महिने लागत. कास्टिंग सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर हेच काम पडद्यावर करते. भागाचे त्रिमितीय चित्र लक्षावधी छोट्या चौकोनी ठोकळ्यांत तोडायचे आणि प्रत्येक ठोकळ्यातून उष्णता कशी बाहेर जाते याचे गणित संगणकाला सोडवायला लावायचे. शेवटपर्यंत गरम राहणारी जागा लाल दिसते. रायझर तिथे नेऊन ठेवला, गणित पुन्हा चालवले, लाल ठिपका कास्टिंगमधून सरकून रायझरमध्ये गेला की काम झाले. पाच पर्याय एका दिवसात तपासता येतात आणि त्यासाठी किलोभर लोखंडही वितळवावे लागत नाही.

परदेशी सॉफ्टवेअरचा परवाना लाखांत जातो, लहान फौंड्रीला तो झेपत नाही. इथे आयआयटी मुंबईचे काम सांगायला हवे. प्राध्यापक बी. रवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऑटोकास्ट' हे सॉफ्टवेअर भारतीय फौंड्र्यांना डोळ्यांसमोर ठेवून विकसित केले आणि 'ई-फौंड्री' या नावाने ओतकामाचे धडे व साधे सिम्युलेशन इंटरनेटवर मोफत खुले केले. ज्यांना स्वतःचा परवाना परवडत नाही, ते एकेका भागापुरते काम बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेतात. तंत्रज्ञान विकत घेण्यापेक्षा लागेल तेवढे भाड्याने वापरायचे, हा रस्ता मला आपल्यासारख्या देशांसाठी शहाणपणाचा वाटतो.

सिम्युलेशनच्या मर्यादा विक्रेते सांगत नाहीत. पडद्यावर रस १४०० अंशांना साच्यात जातो, कारण कोणीतरी तो आकडा भरलेला असतो. प्रत्यक्षात लेडल भट्टीपासून साच्याच्या रांगेच्या टोकापर्यंत जाईपर्यंत तापमान १३४० वर आलेले असते. पडद्यावरची वाळू नेहमी सारखी असते, आवारातली जुलैच्या पावसात वेगळी आणि एप्रिलमध्ये वेगळी. ज्या फौंड्रीत प्रत्यक्ष तापमानाची नोंद नाही, तिथे सिम्युलेशन म्हणजे ग्राहकाला दाखवायचे रंगीत चित्र. म्हणून दुसरी जागा जास्त महत्त्वाची.

ती जागा सँड प्लांट. साच्याची वाळू म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी. पाणी साधारण ३ ते ४ टक्के. कमी पडले तर साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळूचे कण कास्टिंगमध्ये अडकतात. जास्त झाले तर रस पडताच वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ब्लो होल. हीच वाळू दिवसभर फिरत राहते. साचा फोडल्यावर ती गरम होऊन परत येते, आणि ती किती गरम आहे त्यावर पुढच्या घाण्यात किती पाणी घालायचे हे ठरते. मोल्डिंग मशीन जितके वेगवान, तितका हा फेरा जलद आणि वाळूला थंड व्हायला वेळ कमी.

जुन्या पद्धतीत सँड लॅबमधला मुलगा तासा-दोन तासांनी नमुना घेऊन ओलावा, दाब-ताकद आणि वायू आरपार जाण्याची क्षमता मोजतो आणि वहीत लिहितो. ही वही एकदा नीट उघडून बघावी. पुष्कळ ठिकाणी दर तासाला ३.५, ३.५, ३.६, ३.५ असे आकडे एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एका दमात लिहिलेले सापडतात. पाळी संपताना वही भरायची असते म्हणून भरलेली. ऑडिटर येतो, सही करतो, जातो. त्या मुलावर रागावण्यात अर्थ नाही. त्याने लिहिलेला आकडा कोणी वाचत नाही आणि वाचून कोणी काही करत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

आता मिक्सरवरच वाळूचा ओलावा आणि दाबून बसण्याचा गुण मोजून पाणी आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा मिळते. प्रत्येक घाण्याची नोंद वेळेसकट जमा होते. स्पेक्ट्रोमीटर नाण्याएवढ्या नमुन्यावर ठिणगी पाडून मिनिटाच्या आत रसायन सांगतो, तो आकडा हीट नंबरला, म्हणजे भट्टीच्या त्या वितळणीच्या क्रमांकाला, जोडला जातो. लेडलचे तापमान, ओतायला सुरुवात आणि शेवट यांच्या वेळा, साच्याचा क्रमांक हे सगळे एका धाग्यात ओवले की दहा दिवसांनी आलेली डेबिट नोट वेगळ्या तऱ्हेने वाचता येते. कास्टिंगवरचा हीट कोड बघायचा आणि मागे जायचे. अशा पाच-पन्नास तक्रारी जमल्या की त्यांच्यात सूत्र दिसू लागते. उदाहरणार्थ, ब्लो होल साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीतच का जास्त येतात? कारण सुट्टीत वाळू थंड झालेली असते, तिच्यातले पाणी उडत नाही आणि पाण्याचे प्रमाण मात्र आदल्या दिवसाचेच राहिलेले असते. एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियम टाकल्यावर त्याचा परिणाम मिनिटा-मिनिटाला उतरत जातो. उशिरा ओतलेले साचे कोणते, हे घड्याळ सांगते. मेस्त्रीला यातले बरेच आतून माहीत असते. नोंदीमुळे ते सिद्ध होते, आणि सिद्ध झालेली गोष्ट रात्रपाळीतल्या नव्या मुलालाही सांगता येते.

नुसत्या नोंदीने खरोखर किती फरक पडतो, याचा पुरावा आपल्या उशापाशीच आहे. निकोलस ब्लूम, अप्राजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या १७ कापड कंपन्यांवर २००८ पासून एक प्रयोग केला. काही कंपन्यांना सल्लागारांनी पाच महिने मदत केली, बाकीच्यांना तुलनेसाठी जवळपास तसेच ठेवले. शिकवलेल्या गोष्टी साध्या होत्या: कापडातल्या दोषांची रोज कारणवार नोंद, मागांच्या देखभालीचे वेळापत्रक, गोदामातल्या सुताचा हिशेब, रोज सकाळची बैठक. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातली दुसरी एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटली. कंपनी किती मोठी होणार, हे तिच्या व्यवस्थापनाच्या दर्जापेक्षा मालकाच्या घरात पुरुष किती, यावरून जास्त चांगले सांगता येत होते. मालक स्वतःच्या भावा-मुलांवरच विश्वास टाकत असे, म्हणून जितके भाऊ तितक्या गिरण्या.

डिजिटल नोंदीचा अर्थ या संदर्भात वेगळा लागतो. दुसऱ्या शेडमध्ये काय चालले आहे हे आकड्यांतून कळत असेल, तर तिथे घरचाच माणूस बसवण्याची गरज कमी होते. आपल्याकडचे कितीतरी चांगले कारखाने ५० कोटींच्या आसपास अडकून राहतात, ते भांडवलाअभावी असे आपण म्हणतो. काही अंशी ते भावांअभावी अडकलेले असतात.

त्या संशोधकांनी काही वर्षांनी परत जाऊन पाहिले, तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या बंद पडल्या होत्या. तरीही ज्यांना मदत झाली होती त्या कंपन्या इतरांच्या पुढेच होत्या. सॉफ्टवेअर विकत घेताना हे लक्षात ठेवलेले बरे. पद्धत सोडून देणाऱ्या कारखान्यात सेन्सरही धुळीने माखून बंद पडतो आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

नव्या पद्धती रुजत का नाहीत, याचे एक कारण पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये दिसले. तिथे जगभराचे फुटबॉल तयार होतात. डेव्हिड अ‍ॅटकिन, अमित खंडेलवाल, एरिक व्हर्होगेन आणि लाहोरचे आझम व शमायला चौधरी यांनी चामड्यासारख्या कापडातून पंचकोनी तुकडे कापण्यासाठी एक नवा साचा तिथल्या कारखान्यांना फुकट दिला. माल कमी वाया जाणार हे कागदावर स्पष्ट होते. सव्वा वर्षाने पाहिले तर तो वापरणारे कारखाने हातावर मोजण्याइतके. कारण कापणाऱ्याला नगावर पैसे मिळत होते, नवा साचा शिकताना त्याचा हात मंदावत होता आणि वाचलेल्या कापडाचा फायदा मालकाला. तो मालकाला सांगायचा की हा साचा चालत नाही. मग काही कारखान्यांत कामगाराला साचा चालवून दाखवल्याबद्दल सुमारे महिन्याच्या कमाईइतकी रक्कम एकदाच दिली, तशी वापर करणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

शिरोलीतल्या मोल्डरचे गणित याहून वेगळे नाही. त्याचा दर साच्यांच्या संख्येवर असेल, तर मोबाइलवर नोंद करायला थांबणे म्हणजे त्याच्या खिशाला तोटा. मेस्त्रीला वाटते, आपल्याकडचे ज्ञान एकदा संगणकात गेले की आपली किंमत संपली. ही भीती अडाणीपणाची नाही, व्यवहाराची आहे. रिजेक्शन कमी झाल्याचा ठरावीक वाटा पाळीला मिळाला पाहिजे, आणि नव्या यंत्रणेतला पहिला जबाबदार माणूस मेस्त्रीच हवा. जिथे सॉफ्टवेअर त्याच्या डोक्यावर नुकत्याच लागलेल्या पदविकाधारकाकरवी लादले गेले, तिथे ते टिकेल यावर मी पैज लावणार नाही.

बड्या कंपन्यांची कहाणी वेगळी. १९९० च्या आसपास बाबा कल्याणी यांनी भारत फोर्जच्या मुंढव्यातल्या कारखान्यात जर्मनीहून स्वयंचलित प्रेस लाइन आणली आणि अंगमेहनतीच्या कामगारांच्या जागी मोठ्या प्रमाणावर इंजिनीअर व तंत्रज्ञ उभे केले. त्यांनी ज्या जागतिक बाजारात उडी घेतली, तिथे स्वस्त मजुरी हे भांडवल पुरणारे नव्हते. बजाज ऑटोने चाकणला २०१० पासून माणसांच्या शेजारी काम करणारे छोटे यंत्रमानव, म्हणजे कोबॉट, लावायला सुरुवात केली आणि त्यांची संख्या १०० च्या वर नेली. त्याच चाकणला फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीच्या 'ब्रिलियंट फॅक्टरी'चे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. साऱ्या जगाची यंत्रे आपल्या 'प्रेडिक्स' या व्यासपीठाला जोडण्याचे स्वप्न जीई तेव्हा पाहत होती. २०१८ पर्यंत त्याच जीईला डिजिटल व्यवसाय आवरता घ्यायची वेळ आली. पैसा कमी नव्हता, माणसेही हुशार होती. एका साच्यातले उत्तर सगळ्या कारखान्यांना बसेल, हा हिशेब चुकला.

चीनचे उदाहरण परिसंवादात हमखास निघते. २०२३ साली जगात ५,४१,३०२ औद्योगिक यंत्रमानव बसवले गेले, त्यांपैकी २,७६,२८८ एकट्या चीनमध्ये आणि भारतात ८,५१०. आकडे खरे आहेत, पण त्यावरून 'आपणही यंत्रमानव घेऊ' असा निष्कर्ष कोल्हापूरच्या मध्यम फौंड्रीने काढणे घाईचे ठरेल. तिच्याकडे एकेका भागाच्या ऑर्डरी लहान असतात आणि रोज पॅटर्न बदलतात. एका कामासाठी मात्र मी यंत्राच्या बाजूने हट्टाने बोलेन, ते म्हणजे फेटलिंग. धूळ, ठिणग्या, कंप आणि आवाज यांत दिवसभर ग्राइंडर धरून उभे राहण्याचे हे काम आहे. सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. हे काम आज प्रामुख्याने उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून आलेली मुले करतात, कारण स्थानिक मुले ते करायला तयार नाहीत. इथे यंत्र आले तर कोणी हळहळण्याचे कारण नाही.

सरकारने उद्योगाला डिजिटल केले ते बिलाच्या बाजूने. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ ला ई-वे बिल, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस. त्यामुळे लहानात लहान फौंड्रीचे ऑफिस आज संगणकावर चालते. पार्टिशनच्या पलीकडे शेडमध्ये मात्र व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप हीच उत्पादनाची माहिती यंत्रणा: खराब कास्टिंगचा फोटो, खाली मालकाचे प्रश्नचिन्ह, त्याखाली सुपरवायझरचा हात जोडलेला इमोजी. हसण्यावारी नेऊ नये. फोटोला तारीख-वेळ असते, म्हणजे नोंदीची निम्मी सवय लागलेलीच आहे. कारण आणि हीट नंबर त्यात लिहिला जात नाही, एवढेच.

योजना आहेत. 'झेड' (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) या गुणवत्तेच्या प्रमाणपत्राच्या खर्चात २०२२ च्या सुधारित योजनेनुसार सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघु उद्योगाला ६० टक्के आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत मिळते. अवजड उद्योग मंत्रालयाच्या 'समर्थ उद्योग' उपक्रमातून पुण्यात सी-फोर-आय-फोर लॅबसारखे केंद्र उभे राहिले. अडते ते कर्जाच्या टेबलावर. व्हीएमसीसारखे मशीनिंगचे यंत्र तारण ठेवता येते, वाळूची दोन वर्षांची नोंद तारण ठेवता येत नाही. त्यामुळे मालक यंत्र घेतो, पुष्कळदा गरजेपेक्षा मोठे घेतो, आणि ते निम्मा वेळ उभे राहते.

घाई करण्याचे कारण दाराशी आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यापासून इंजिनाच्या भागांचे निकष कडक झाले. विजेवरच्या गाडीत सिलिंडर ब्लॉक, हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागतच नाहीत. हब, ब्रेक ड्रम, अ‍ॅक्सलचे हाउसिंग राहतात. ऑइल इंजिनातून वाहनांकडे वळलेल्या गावाला पुन्हा वळावे लागणार आहे, आणि या वेळी नवे भाग लहान संख्येने, कमी मुदतीत मागितले जातील. पॅटर्नशिवाय थेट वाळूचा साचा छापणारे त्रिमितीय प्रिंटर अशा नमुन्यांसाठी कामाचे आहेत, नेहमीच्या उत्पादनाला अजून फार महाग. दुसरीकडे १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाचा कार्बन सीमाकर प्रत्यक्ष लागू झाला. ओतीव लोखंडाचे पाइप आणि फिटिंग्ज त्याच्या यादीत आहेत. इंजिनाचे भाग अजून नाहीत, पण यादी वाढली तर एका किलो कास्टिंगमागे किती युनिट वीज गेली, हे भट्टीवार मीटर असलेल्या फौंड्रीलाच सांगता येईल.

कोल्हापूर इंजिनीअरिंग असोसिएशन, शिरोलीची 'स्मॅक', गोकुळ शिरगावची 'गोशिमा' आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनची स्थानिक शाखा यांच्याकडे माझे एक मागणे आहे. यंदाचे दोन परिसंवाद रद्द करा आणि त्या पैशातून पाच-पाच लहान फौंड्र्यांमागे एक धातुशास्त्राचा पदवीधर सामाईक नेमा. त्याला मेस्त्रीच्या हाताखाली पाळीवर बसवा. पहिले सहा महिने त्याने एकही यंत्र किंवा सॉफ्टवेअर सुचवू नये, फक्त प्रत्येक खराब कास्टिंग कारणासह, हीट नंबरासह आणि वेळेसह लिहावे आणि दर शनिवारी मालक, मेस्त्री आणि मोल्डर यांना एकत्र बसवून ते वाचून दाखवावे. काय विकत घ्यायचे, ते त्यानंतर ठरवा.